इनामगांवची साक्ष

वर्गांत नवीन आलेल्या मुलांस वडिलांचा व्यवसाय विचारला असतां, "कांहीं नाहीं, शेतीच करतात," असें उत्तर आम्हांस वारंवार ऐकूं येतें. वकिलाचा मुलगा असें मान खालीं घालून बोलत नाहीं. या 'कांहीं नाहीं'विषयीं दोन शब्द लिहावे असें मनांत आहे.

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत, घोडनदीच्या कांठीं इनामगांव नांवाचें खेडें आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांत डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें, तेव्हां इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आली. तांबें त्यांजपाशीं थोडें होतें. पुष्कळसें काम दगडाच्या पात्यांवरच चाले. तरी ते जव पिकवीत, गाईबैल पाळीत, आणि भरभराटीच्या काळांत तर त्यांनीं पाट खणून व बांध घालून पुराचें पाणी वळविलें होतें. हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. पाट खणावयास गांव लागतें, आणि पाण्याची वांटणी करावयास गांवानें मानलेला कोणी तरी प्रमुख लागतो. असा प्रमुख राहत असावा असें पांच खोल्यांचें घर तेथें सांपडलें आहे, व त्याला लागूनच धान्याचें कोठार! कुंभार, सोनार, हस्तिदंताचे कारागीर यांचीही घरें ओळखूं आलीं आहेत. जो स्वतः पेरीत नाहीं त्यासही पोटभर मिळूं लागलें, म्हणजेच कुंभाराचें चाक फिरतें. या हिशेबानें पाहतां आम्ही शिक्षकमंडळीही कोठाराच्या शिलकेवरच जगत आहों.

पुढें इ. स. पूर्वीं १००० च्या सुमारास पाऊसमान घटलें असावें, असें संशोधकांचें मत आहे. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या, भांड्यांची कारागिरी उतरली, शेती आटून शेळ्यामेंढ्या व शिकार यांवर गुजराण होऊं लागली. अखेरीस वस्ती उठली. आधीं शेत गेलें. त्यामागून घर, भांडें, कसब हीं सर्व गेलीं.

हें फार प्राचीन झालें म्हणावें, तर १९७२ चा दुष्काळ आपल्या आजीआजोबांनीं पाहिलेला आहे. पेरणारे हात तेव्हां सरकारी कामावर खडी फोडीत होते, आणि घरोघरीं परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी होत होत्या. तो दाणाही कोणा दूरच्या शेतकऱ्यानेंच पिकविला होता, हें ध्यानांत असावें.

आणि पालकहो, "अभ्यास केला नाहींस तर शेतांत राबावें लागेल," हा धाक मुलांस कृपा करून घालूं नये. ज्यास वर्गांत गणित येत नाहीं त्यास शेतांत तें येईल, अशी शेती कांहीं सोपी नाहीं.

डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयांत इनामगांवचीं भांडीं ठेवलेलीं आहेत. मुलांनीं तीं पाहावयास जातांना घरच्या वडीलमाणसांस बरोबर न्यावें. कोणत्या भांड्यांत काय सांठवीत असतील, हें आमच्यापेक्षां त्यांसच अधिक नेमकें सांगतां येईल.