आधी यात काय शिजत होतं?

जुनी वस्तू विकत घेण्याचं शास्त्र मी पुण्याच्या जुन्या बाजारात शिकलो. म्हणजे तिथे तीनदा फसलो. त्यामुळे सँटा क्लारातल्या आमच्या छोट्या कंपनीने जुना 'वेट बेंच' शोधायचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा ही माणसं आपल्याला अजून ओळखत नाहीत, एवढंच मला कळलं.

वेट बेंच म्हणजे सिलिकॉनच्या चकत्या धुण्याचा ओटा. त्यात टाक्या बसवलेल्या आणि मागे वाफा ओढून घेण्याची सोय. एका टाकीत अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी यांचा पंचाहत्तर-ऐंशी अंशांवरचा काढा. ही पाककृती आरसीए कंपनीतल्या वर्नर कर्न यांनी १९६५ साली बसवली आणि ती आजही चालते. दुसऱ्या टाकीत हायड्रोफ्लोरिक आम्ल. हे गृहस्थ काच खातात. म्हणून काढ्याला क्वार्ट्झची टाकी आणि यांना प्लास्टिकची. अदलाबदल झाली, तर चकत्यांआधी टाकीच विरघळायची!

एका शनिवारी आईला घेऊन भाजीला निघालो होतो, तो वाटेत एका विक्रेत्याच्या गोदामात शिरलो. बेंच चकचकीत, किंमत स्वस्त. आमच्या १५० मिलिमीटरच्या चकत्या टाकीत मावत होत्या. मी खिशातलं चेकबुक चाचपलं. तेवढ्यात गाडीत कंटाळलेली आई आत आली आणि ओट्याच्या कडेखालचा एक थेंब बोटाने पुसायला गेली. मी झडप घालून तिचा हात धरला.

"अरे, पाणीच आहे ना?"

"ते आम्ल असलं, तर पातळ असताना लगेच पोळत नाही, आई. काही तासांनी ठणका लागतो. तोवर ते आत हाडापर्यंत गेलेलं असतं."

आईने हात मागे घेतला. माझा मात्र थरथरत होता.

"मग आधी यात काय शिजत होतं, ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं! विक्रेत्याला विचारलं, तर त्याने खांदे उडवले. टाक्या धुऊन निर्धोक केल्याचा कागदही नव्हता.

"कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकतं, एवढं तरी ठाऊक आहे ना तुला?" आई म्हणाली.

ठाऊक होतं. आमच्याकडेही तांब्याचीच भीती. आधीच्याने या टाकीत तांब्याच्या चकत्या बुडवल्या असतील, तर तो अंश आमच्या चकत्यांना लागणार, भट्टीत तापल्यावर सिलिकॉनमध्ये खोल शिरणार आणि सगळा माल कळकणार. हे मी चार वर्षं कॉलेजात शिकलो होतो. आई ते ताकावरून शिकली होती.

दोन महिन्यांनी एका प्रयोगशाळेचा बेंच पाहिला. महाग होता, पण सोबत वही होती. कोणत्या टाकीत कोणत्या दिवशी काय ओतलं, सगळं त्यात नोंदलेलं. आईने तारखांवरून बोट फिरवलं.

"रोजच्या रोज लिहिलंय. घरातली बाई व्यवस्थित दिसते. घे."

ती बाई म्हणजे समोरच उभा असलेला सहा फुटी दाढीवाला तंत्रज्ञ होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.