बंगाल-नागपूरचा संघ

नागपूरच्या मोतीबागेत, कडबी चौकाजवळ, २००२ साली अरुंद रुळांच्या गाड्यांचे जे संग्रहालय उघडले, तेथे मी गेलो तो गाड्या पाहण्यासाठी नव्हे, तर एका लोपलेल्या नावाच्या फुटबॉल संघाचे मूळगाव धुंडाळण्यासाठी, आणि हा हेतू दारावरच्या गृहस्थांच्या कानी घातला तेव्हा ते अस्सल नागपुरी अगत्याने म्हणाले, "फुटबॉल पाहाचा असन तं कामठीले जा ना जी, इथं इंजिनं हायेत."

अडीच फूट रुंदीचे ते रूळ; एक पाय या पट्टीवर आणि दुसरा त्या पट्टीवर ठेवून सुखाने उभे राहता येते, हे मी आजूबाजूला कोणी नाहीसे पाहून करूनही घेतले. सातपुड्याच्या रानावनातून याच मापाच्या गाड्या हाकणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वेने कलकत्त्याच्या मैदानावर एक नामांकित संघ पोसला होता. दुष्काळानंतर धान्याच्या ने-आणीची निकड भासून १८८२ मध्ये नागपूर ते राजनांदगाव असा जो मीटरगेज मार्ग झाला, तो रुंद करून बंगालपर्यंत नेण्यासाठी १८८७ मध्ये ही कंपनी स्थापन झाली, आणि १८९१ मध्ये तिचे रूळ आसनसोलला भिडले. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईत फुटबॉलच्या रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. कंपनीची मुख्य कचेरी मात्र हुगळीकाठी गार्डन रीचला. तेव्हा कारभार, दप्तर, मैदान आणि टाळ्या सारे कलकत्त्याचे, नागपूरच्या वाट्याला पाटीवरचा अर्धा भाग तेवढा आला.

१ ऑक्टोबर १९४४ रोजी सरकारने कंपनीचा कारभार ताब्यात घेतला, १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत विलीन झाली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे निराळी निघाली. परंतु मैदानावर या हुकुमांचा अंमल बसला नाही. १९६४ साली रोव्हर्स चषक जिंकणारा संघ बी.एन.आर., म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वे, याच नावाने ओळखला गेला, आणि तोपर्यंत त्या नावाची रेल्वे कागदोपत्रीही उरली नव्हती!

असे संघ उभे राहत ते नोकरीच्या बळावर. नावाजलेल्या क्लबांतून कीर्ती मिळे, पण महिन्याचा तनखा, गाडीचा पास आणि पुढचे निवृत्तिवेतन यांची शाश्वती रेल्वेच देई. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये खेळलेला आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघातला तुलसीदास बलराम ईस्ट बंगाल सोडून १९६३ मध्ये या संघात आला, ही मला साधी बदली वाटत नाही; ज्या काळी राष्ट्रीय संघातल्या खेळाडूलाही चरितार्थाची चिंता सुटत नसे, त्या काळाचा तो दाखला आहे. दुर्दैवाने छातीच्या विकाराने त्याला ऐन तारुण्यात बूट उतरवावे लागले.

संग्रहालयातून निघून मी त्या गृहस्थांचा सल्ला मानला. कामठीची पॅसेंजर जुन्या कंपनीच्याच मार्गाने जाते, फक्त २००३ पासून त्या मार्गावरच्या विभागाचे नाव दक्षिण पूर्व मध्य रेल्वे झाले असून त्यात ना बंगाल आहे, ना नागपूर. कामठी ही १८२१ ची छावणी. तेथील मैदानांवर संध्याकाळी आजही चेंडू फिरतो. मुलांना शिकवणाऱ्या एका प्रौढ गृहस्थांपाशी मी बी.एन.आर.चा विषय काढला.

"हो, माहीत आहे ना," ते शिट्टी तोंडातून काढत म्हणाले, "पुरीचं हॉटेल. जगन्नाथाला गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं."

तेही खरेच, हॉटेल त्याच कंपनीचे.