लक्षणाची तारीख, बातमीची तारीख

मंगळवार, २१ जानेवारी २०२५, पुणे

सकाळी साडेआठलाच संस्थेच्या नंबरवर फॉरवर्ड येऊन पडला: सिंहगड रोडला नवा व्हायरस, माणूस एका रात्रीत लुळा पडतो. दुपारपर्यंत तोच मजकूर वेगवेगळ्या इमोजी लावून इतक्या जणांनी पाठवला, की मी मोजणं सोडलं.

आजार नवाही नाही आणि व्हायरसही नाही. गियाँ-बारे सिंड्रोम, जीबीएस. फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ साली त्याचं वर्णन करून ठेवलंय. एखाद्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. एरवी वर्षाला लाखात एखाद-दोघांना होणारा आजार, आणि इथे किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी एवढ्याशा पट्ट्यात एकदम दोन डझनांच्या घरात संशयित रुग्ण. तेव्हा नुसतं 'ही अफवा आहे' लिहून मोकळं होता येत नाही. फॉरवर्ड चुकीचा आहे, पण त्यामागची भीती चुकीची नाही. पहिली पोस्ट चार ओळींची केली: एकमेकांना लागत नाही, बरेच जण बरे होतात, हातापायांत अचानक अशक्तपणा आला तर वाट न बघता रुग्णालयात जा, पाणी उकळून प्या. संस्थेचे सर म्हणाले, 'फारच साधी झाली.' म्हटलं, साधीच हवी.

शुक्रवार, २४ जानेवारी

संस्थेचं सोशल मीडिया सकाळी, सर्वेक्षणाचा डेटा दुपारी, पीएचडी रात्री, अशी माझ्या दिवसाची एरवी वाटणी असते. या आठवड्यात तिन्ही एकाच वेळी.

आज लाइन लिस्ट, म्हणजे रुग्णांची यादी, साफ करत बसले. एका रुग्णालयाने रजिस्टरच्या पानाचा फोटोच पाठवलाय, तोही आडवा. लक्षणांच्या रकान्यात कुणी 'हातपाय गळाले', कुणी 'चालता येईना', कुणी इंग्रजी संक्षेप. तारखांचा घोळ तर नेहमीचाच: ५ जानेवारीला आजारी पडलेला माणूस एक्सेलने १ मेला नेऊन ठेवला. म्हणजे पेशंट अजून आजारी पडायचाय, आणि आयसीयूत मात्र आहे.

मग पत्ते नकाशावर टाकले. नांदेड गावातले आणि नांदेड सिटीतले ठिपके प्रोग्रॅमने सरळ उचलून गोदावरीकाठी मराठवाड्यात बसवले. साडेचारशे किलोमीटर! त्याला बिचाऱ्याला नांदेड एकच माहीत. शेजारच्या टेबलावर डिझाइन करणारा पोरगा मूळचा लातूरचा; स्क्रीनकडे बघून म्हणाला, 'मॅडम, आमच्याकडं पण आलं का हे?' हाच नकाशा न तपासता कुणी पोस्ट केला असता, तर संध्याकाळपर्यंत नांदेडात पाण्याच्या बाटल्या संपल्या असत्या. पत्ते हाताने दुरुस्त केले. याला पुस्तकात भारदस्त नाव आहे. आम्ही त्याला निवडणं-टिपणं म्हणतो.

सोमवार, २७ जानेवारी

आकडा शंभराच्या पुढे गेला. केंद्राचं पथक येतंय. सरांना पोस्टवर मोठ्या अक्षरांत 'आजचे रुग्ण' हवेत, कारण चॅनेलवाले तेच दाखवतात.

मी आलेख काढून दाखवला. पोट बिघडल्यापासून हातपाय लुळे पडेपर्यंत एक ते तीन आठवडे जातात. त्यानंतर दवाखाना, न्यूरॉलॉजिस्ट, तपासण्या, मग नाव यादीत. आज जाहीर झालेला आकडा आजचा नाहीच. तो जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात प्यायलेल्या पाण्याचा. रुग्ण लक्षण सुरू झालेल्या तारखेला मांडले तर एक चित्र दिसतं, जाहीर झालेल्या तारखेला मांडले तर दुसरंच. साथ ओसरायला लागली तरी बातमीतला आकडा वाढतच राहतो. उलटी गंमतही आहे: लक्षणाच्या तारखेचा आलेख शेवटच्या काही दिवसांत नेहमीच खाली उतरलेला दिसतो, कारण त्या दिवसांतले रुग्ण अजून यादीत पोचलेलेच नसतात. तेवढं बघून 'साथ संपली' म्हणणारेही निघतात.

सरांचं म्हणणं, 'हे सगळं रीलमध्ये कोण ऐकणार?' खरं आहे. पण म्हणून चुकीची तारीख लावायची का? शेवटी आकड्याखाली एक ओळ टाकली: 'यातले बहुतेक जण आधीच्या आठवड्यांत आजारी पडले.' सर गप्प बसले, म्हणजे मान्य.

गुरुवार, ३० जानेवारी

आशाताईंबरोबर किरकटवाडीत. त्यांच्या पिशवीत क्लोरीन तपासायच्या ओटीची बाटली, काचेच्या नळ्या, पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आणि सर्वेक्षणाचे कागद. एका घरी नळाचं पाणी नळीत घेतलं, ओटीचे थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन आहे. पलीकडच्या इमारतीत टँकरचं पाणी. थेंब टाकले, नळी हलवली, उन्हात धरून बघितली. रंग काही येईना. घरातल्या काकू कौतुकाने म्हणाल्या, 'बघा, किती स्वच्छ आहे!'

मोबाइल काढून एवढंच शूट केलं, दोन नळ्या शेजारी शेजारी. संगीत नाही, निवेदन आशाताईंचं. इतके दिवस संस्थेने बनवलेल्या ॲनिमेशनपेक्षा हे पुष्कळ जास्त पाहिलं गेलं, याचं मला अजिबात नवल वाटलं नाही.

ताईंनी मला मात्र सुनावलं. 'पाणी उकळा म्हणायला तुमचं काय जातं? या खोलीत चार पोरं भाड्यानं राहतात. शेगडी नाही. उकळायचं कशावर?' पुढच्या पोस्टमध्ये मेडिक्लोर वर घेतलं, उकळणं खाली.

एका घराची तीच माहिती ताई कागदावर लिहितात, ॲपमध्ये भरतात आणि रात्री व्हॉट्सॲपवरच्या एक्सेलसाठी पुन्हा सांगतात. हेल्थ इन्फॉर्मेटिक्सच्या आकृत्यांमध्ये 'डेटा एन्ट्री' असा एक चौकोन असतो. चौकोनातली बाई कुणी काढत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

गाइडांची भेट. माझा विषय आहे लोकांच्या ऑनलाइन शोधांवरून साथीचा सुगावा लागतो का. गाइड उत्साहात: 'घरबसल्या केस स्टडी मिळाली तुला.' मी गूगल ट्रेंड्सचा आलेख पुढे ठेवला. तो खरे आकडे देत नाही, फक्त ० ते १०० अशी तुलना देतो. पण तेवढंही पुरेसं बोलकं होतं. 'जीबीएस'चा शोध बातमीआधी जमिनीला चिकटलेला, बातमीनंतर एकदम उभा. लोकांनी आजार शोधला नाही, बातमी शोधली.

यात नवीन काही नाही. २००८ साली सुरू झालेलं गूगल फ्लू ट्रेंड्स याच खड्ड्यात गेलं: २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज अमेरिकेच्या सीडीसीच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये ते बंद झालं. तरी दरवर्षी कुणीतरी नव्या आजारावर तोच प्रयोग नव्या नावाने करतं. मला वाटतं, 'जुलाब', 'पोटात मुरडा' असले शोध तपासले तर काहीतरी हाती लागेल, पण ते शोध साथ नसतानाही चालूच असतात.

बाकी समाजमाध्यमांच्या डेटाचं काय विचारता. संशोधकांसाठी उघडी असलेली दारं कंपन्यांनी एकेक करून बंद केली, आणि माझा तिसरा चॅप्टर त्यांच्यावरच बेतलेला. सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप वाचायची परवानगी एथिक्स कमिटी देणार नाही, आणि देऊही नये.

निघताना पदोन्नतीच्या फॉर्मची आठवण झाली. त्यात शोधनिबंधाला गुण आहेत. दोन नळ्यांच्या रीलला रकानाच नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चिकनचा दिवस. 'चिकन बंद करा' हा फॉरवर्ड आता पनीर आणि शिळ्या भातापर्यंत पोचलाय. पंचाईत अशी, की तो पूर्ण हवेतला नाही. राष्ट्रीय विषाणू संस्थेला (एनआयव्ही) काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय सापडला, आणि हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात राहतो हे खरंच आहे. फक्त नीट शिजवलं की तो मरतो.

डिझाइनवाल्याने कोंबडीवर लाल फुली मारून वर 'अफवा' लिहिलं होतं. नको म्हटलं, लोकांच्या लक्षात फुली आणि कोंबडीच राहते, वरचा शब्द गळतो. शेवटी छापलं ते असं: 'चिकन पूर्ण शिजवा. कच्च्या चिकनचा सुरा आणि पाट धुतल्याशिवाय कोथिंबिरीला वापरू नका.' खाली धायरीच्या एका चिकनवाल्याची कमेंट: 'मॅडम, हे आधी सांगायचं होतं.' आधी मलाही माहीत नव्हतं, हे त्याला लिहिलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

यादी सव्वादोनशेच्या आसपास येऊन रेंगाळलीय. चॅनेलवाले गेले. एका सोसायटीचे सेक्रेटरी मात्र आले, इमारतवार नकाशा मागत. दिला नाही. गल्लीत एकच ठिपका असेल तर तो कोण, हे सगळ्या गल्लीला कळतं. याच भागात एका रुग्णाच्या घरी कामवाली यायची बंद झाली होती, हा आजार एकमेकांना लागत नसताना. पाचापेक्षा कमी आकडा आम्ही कुठेच दाखवत नाही. सेक्रेटरी म्हणाले, 'मग तुमच्या डेटाचा उपयोग काय?' चहा पाजून पाठवलं.

शुक्रवार, २० जून

या साथीवरच्या माझ्या शोधनिबंधावर रिव्ह्यूअरचे शेरे आले. पहिले तीन भाषेबद्दल, ते सोडा. चौथा: ज्या रुग्णांची लक्षण सुरू झाल्याची तारीख मिळालेली नाही, त्यांच्या ओळी गाळाव्यात.

त्या ओळी पुन्हा एकेक करून बघितल्या. तारीख नसलेल्यांपैकी बरेच व्हेंटिलेटरवर होते. विचारायला गेलेल्या माणसाला ते सांगू शकत नव्हते, आणि घरचे आयसीयूबाहेर धावपळीत. ओळी गाळल्या तर आलेख सुबक होईल, पण त्यातून सगळ्यात आजारी माणसंच जातील. तसं उत्तर लिहिलंय आणि तारखेच्या जागी रुग्णालयात भरतीच्या दिवसावरून काढलेला अंदाज घेऊन दुसरा आलेख जोडलाय. सोमवारपर्यंत मुदत आहे.

पाऊस सुरू झालाय, त्यामुळे संस्थेत पाण्याच्या रीलची घाई. या वेळची रील घरांसाठी नाही, टँकरवाल्यांसाठी करायची असं मी ठरवलंय. सरांना अजून सांगितलेलं नाही.