वसईच्या दमट हवेतले जुने पियानो

जुन्या उभ्या पियानोचे मोल बाहेरच्या पॉलिशवरून ठरत नाही. आत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. हा भार ओतीव लोखंडाची चौकट पेलते. ती शाबूत असेल, तर नवा पियानो घेण्याऐवजी जुनाच दुरुस्त करण्याचा विचार अवश्य करावा.

वसई पट्ट्यातील ख्रिस्ती घरांत चर्चच्या गायनवृंदामुळे पाश्चात्त्य संगीताची सवय जुनी आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरीही आजोबांच्या वेळचा विलायती पियानो होता. तो पाहायला आलेल्या एका विक्रेत्याच्या माणसाने झाकण उघडले, चार पट्ट्या दाबल्या आणि निकाल दिला, “भंगार आहे काका, नवा घ्या. हा आम्ही फुकट उचलून नेऊ.” खालची फळी त्याने काढली नाही, एकाही खुंटीला चावी लावली नाही, ध्वनिफलकावर विजेरीचा झोतही टाकला नाही. आत न डोकावता सांगितलेला हा निकाल अन्यायाचाच होता, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तो वाद्याइतकाच स्वतःचाही अपमान वाटला. ज्याला नवे वाद्य विकायचे आहे, त्याच्याकडून जुन्याची तपासणी करून घेऊच नये. ट्यूनर स्वतंत्र असावा, आणि त्याची फी आनंदाने द्यावी.

खरी तपासणी खालून सुरू होते. चौकटीला तडा आहे का, हे आधी पाहतात. मग खुंट्या चावीने फिरवून लाकडातली त्यांची पकड जोखतात. ध्वनिफलकाला बारीक चीर असली तरी आवाज बिघडतोच असे नाही. त्याच्या मागच्या आधारपट्ट्या सुटल्या असतील, तर मात्र खरखर येते. आजोबांच्या पियानोची चौकट धड निघाली. खर्जाच्या बाजूच्या खुंट्या ढिल्या होत्या, तारांवर गंज होता, नमद्याला कसर लागली होती.

कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी कसर, वाळवी आणि उंदरांची घाण काढायची. ओलाव्याने फुगून अडकलेल्या पट्ट्या मोकळ्या करायच्या. तारांच्या माराने हातोड्यांच्या नमद्यावर पडलेल्या खाचा घासून काढायच्या, मग सुयांनी नमदा मऊ करायचा. ढिल्या खुंट्यांच्या जागी किंचित जाड खुंट्या बसवायच्या. खर्जाच्या तांब्याने गुंडाळलेल्या तारा त्या-त्या पियानोच्या मापाने करून घ्याव्या लागतात. वेळ तिथेच जातो. हस्तिदंती पट्ट्यांचे तुकडे पडले असतील, तर प्लास्टिकचे लावतात. कारण १९९१ पासून भारतात आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारालाही बंदी आहे. सूर लावणे सर्वांत शेवटी. बरीच वर्षे उतरलेला पियानो एका बैठकीत प्रमाण सुराच्या ४४० हर्ट्‌झला चढवला, तर जुन्या तारा तुटतात. तो थोडा-थोडा, मध्ये दिवस जाऊ देत चढवतात.

वसईत समुद्र जवळ, वाडीत बावखल म्हणजे छोटे तळे, आणि चार महिने पाऊस. हवेतला ओलावा वाढला की ध्वनिफलक फुगतो आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की उतरतो. म्हणून सूर पावसाळा सरल्यावर लावावा, पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आत ओलावा मारणारी विजेची कांडी ठेवावी.

हे सारे करूनही आजोबांच्या पियानोचा खर्ज पावसात डळमळतो. घरातल्या मुलाला परीक्षेसाठी रोज तास-दोन तास बसायचे असेल, तर त्याला डिजिटल पियानोच द्यावा, मग जुन्यावर कितीही जीव असो. चौकट तडकली असेल, तर वाद्य वाचत नाही. तारांचे कंपन थांबवणारे डँपर हातोड्यांच्या वर असलेले जुने इंग्रजी पियानोही पैसे खातात आणि आवाज नीट थांबवत नाहीत. बरेच कारागीर त्यांना हात लावत नाहीत. अशा पियानोच्या पट्ट्या, बिजागऱ्या, पेडल आणि सुकलेले जुने लाकूड दुसऱ्या दुरुस्तीत उपयोगी पडते.