लसीनंतरचं डोकं
एप्रिल 2021. पंचेचाळिशीपुढच्यांना लस सुरू झाली आणि मी कोव्हिशील्ड टोचून भरउन्हात घरी आलो. भुसावळचं ऊन, त्यात माझी जुनी अर्धशिशी! रात्री थंडीताप, पहाटे डावं कानशील ठणकू लागलं. यार्डातल्या इंजिनाची शिट्टी थेट डोळ्यात घुसायची. बायकोनं खिडकीला गोधडी टांगली, कपाळाला सुंठ उगाळून लावली. झोंबलं फक्त. लसीनं प्रतिकारशक्ती जागी होताना सुटणारी दाहक द्रव्यंच अर्धशिशीवाल्याला डिवचत असावीत, असं डॉक्टर म्हणाले. पॅरासिटॅमॉल, पाणी, अंधार. तिसऱ्या दिवशी उतरलं.

मे महिन्यात सरकारनं सांगितलं, लसीनंतर 20 दिवसांत डोकं तीव्र, सतत दुखलं तर कळवा. क्वचित रक्ताची गुठळी असू शकते. मी बोटांवर दिवस मोजले. दुसऱ्या डोसाला सकाळीच निघालो, खिशात गोळी, डोक्याला उपरणं.