रीमेक, बेन-हर आणि मालेगाव

रीमेक म्हटला की आपण पब्लिक आधीच नाक मुरडून बसतो. 'बेन-हर'चंच घ्या ना. २०१० मध्ये तो टीव्हीसाठी दोन भागांत परत आला, पण तुलना १९५९च्या ११ ऑस्करवाल्या सिनेमाशीच होणार! रथांची शर्यत तेवढी भव्य नाही? झालं, निकाल लागला. गंमत म्हणजे १९५९चा सिनेमाही रीमेकच. त्याआधी १९२५चा मूकपट होताच की.

मग रीमेक चालतो कशावर? माझ्या मते याचं उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात आहे. शेख नासिर यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. घोडे परवडणार कुठून? डाकू आले सायकलवर! यंत्रमागांवर राबणाऱ्या या गावाला मूळ 'शोले' तोंडपाठ. तरी व्हिडिओ पार्लरला गर्दी झाली, कारण पडद्यावर आपलाच गाववाला गब्बर झाला होता.

२००८चा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट जरूर बघा. यंत्रमाग कामगार शफीक शेख, अंगानं अगदी काडी, आणि रोल सुपरमॅनचा! बिचारा २०११ मध्ये कॅन्सरने गेला. पुढे २०२५ मध्ये याच मंडळींवर रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात लागला. ज्यांनी बॉलिवूडची नक्कल केली, त्यांच्यावर बॉलिवूडनेच सिनेमा काढला!

तेव्हा पुढचा रीमेक बघताना मी तरी रथ मोजणार नाही. करणाऱ्याने त्यात स्वतःचं काय घातलंय, तेवढंच बघेन. तुम्हाला काय वाटतं?