तारेला हात न लावता

लातूरला गेलो की नातेवाईकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "तू तिकडं नेमकं बनवतोस तरी काय?" इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की लोक मिक्सर, टीव्ही दुरुस्तीला आणतात. मॅग्नेटिक सेन्सर आणि आयसोलेटर असं उत्तर दिलं तर समोरचा विषय बदलतो. म्हणून यावेळी सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. काका, मावशी, हे तुमच्यासाठी. ब्लॉगवाल्या मित्रांनी सांभाळून घ्यावं.

माझं इंजिनिअरिंग नांदेडला, विष्णुपुरीच्या गुरु गोबिंद सिंहजी कॉलेजात झालं. कॉलेज १९८१ सालचं. तिथल्या लॅबमध्ये आमच्या एका सरांचं पालुपद असायचं, "ऑसिलोस्कोपची काळी क्लिप म्हणजे अर्थिंग. ती मेनच्या सर्किटला लावलीत तर मला बोलवू नका, फायर ब्रिगेडला बोलवा." आम्ही हसायचो. पण त्या एका वाक्यात सगळा विषय आहे. मोजायचं तर आहे, पण ज्याचं मोजायचं त्याला चिकटायचं नाही. मग कसं?

याचं एक उत्तर एडविन हॉल नावाच्या विद्यार्थ्याने १८७९ साली बाल्टिमोरला शोधलं. त्याने सोन्याच्या पातळ पत्र्यातून करंट सोडला आणि पत्रा चुंबकाच्या मध्ये धरला. तेव्हा पत्र्याच्या दोन कडांमध्ये अगदी बारीकसं व्होल्टेज दिसलं. गंमत म्हणजे इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून अठरा वर्षं होती! करंट वाहतो त्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असतंच. तेव्हा जवळ हॉलची चिप ठेवली की तारेला न शिवता करंट किती ते कळतं. बाजारात एसीएस७१२ नावाची एक चिप मिळते. तिच्या आत तांब्याच्या पट्टीतून करंट जातो, आणि पट्टीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेला हॉलचा तुकडा तो नुसता 'ओळखतो'. तिच्या २० अँपिअरच्या प्रकारात एका अँपिअरमागे १०० मिलीव्होल्ट, इतका सरळ हिशोब.

आता याचा आपल्या लातूरशी काय संबंध? तर बोअरशी आहे. पाणबुडी मोटार पाण्यानेच थंड राहते. बोअरचं पाणी तुटलं आणि मोटार कोरडी फिरत राहिली की वाइंडिंग जळालंच म्हणून समजा. पण पाणी तुटलं की मोटारीवरचा भार कमी होतो आणि करंट उतरतो. समजा नेहमी ८ अँपिअर घेणारी मोटार एकदम ५ वर आली, तर कार्डाने स्टार्टर पाडायचा. साध्या एसी लाइनवर हे काम करंट ट्रान्सफॉर्मरही करतो, तोही तारेला न चिकटता. पण २०१९ मध्ये कुसुम योजना आली आणि शेतात सोलर पंप वाढले. पॅनलचा करंट डीसी. डीसीला ट्रान्सफॉर्मर आंधळा, कारण त्याला बदलतं चुंबकीय क्षेत्र लागतं. हॉलला मात्र तो दिसतो.

हे झालं मोजण्याचं. निरोप पोचवायचं काम आयसोलेटरचं. मोबाइलवरून मोटार चालू करायची तर पाच व्होल्टच्या कार्डाने चारशे व्होल्टच्या स्टार्टरला निरोप द्यायला हवा, पण वीज उलटी येता कामा नये. पीसी८१७ सारख्या ऑप्टोकपलरमध्ये एका बाजूला छोटा एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. मधून जातो तो फक्त उजेड. एलईडी वर्षानुवर्षं तापून मंद होत जातो, म्हणून नवीन आयसोलेटरमध्ये उजेडाऐवजी चुंबक आला. चिपमध्येच दोन इवलीशी वेटोळी, मध्ये केसाहूनही पातळ पॉलिइमाइडचा थर.

माझे मामा औशाकडे असतात. त्यांच्याकडे शेतीची लाइन कित्येकदा रात्रीच यायची. अंधारात, पिकात पाणी, पायाखाली काय असेल सांगता येत नाही, अशात स्टार्टरपर्यंत जायचं. म्हणून त्यांनी मोबाइल स्टार्टर बसवला. दोन महिन्यांनी फोन आला, "भाचेबुवा, ते डबडं करंट मारायलंय बघा. अँटेनाला हात लावला की झिणझिण्या."

गेलो, मेन काढला, डबा उघडला. (आत एक पाल सुकून बसलेली, ती वेगळीच!) ऑप्टोकपलर होता, चांगल्या दर्जाचा होता. पण कार्ड बनवणाऱ्याने दोन्ही बाजूंचा ग्राउंड तांब्याच्या एकाच पट्टीने जोडलेला. पॉवर सप्लाय एकच, ट्रान्सफॉर्मर नाही, तेवढीच बचत. म्हणजे खिडकीला जाळी आणि दार सताड उघडं. "मामा, तुम्ही हे आता लावायचं नाही," एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "मग परत रात्रीचं जायचं का?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पुढे दुसरं कार्ड करून दिलं, दोन्ही बाजूंना वेगळा सप्लाय आणि मध्ये बोर्डाला चांगली रुंद खाच. पण त्या महिनाभरात ते रात्रीच जात होते.

पुस्तकात लिहिलेलं असतं की असं काही झालं तरी अर्थिंग वाचवतं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. उपाय काय, तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आलं होतं. त्या गावात खड्ड्यात कोण पाणी ओतणार? म्हणूनच वाटतं, जिथे जमिनीचा भरवसा नाही तिथे कार्डावरच्या त्या दोन-चार मिलिमीटरच्या मोकळ्या जागेवर जास्त भार असतो. अन् बचत नेमकी तिथेच केली जाते.

असो. तुमच्याकडे असं डबडं असेल तर मेन पूर्ण बंद करून ओळखीच्या वायरमनकडून मीटरने तपासून घ्या. मेनची बाजू आणि अँटेनाची बाजू जोडलेली दिसली तर ते काढून टाका. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवा. आणि झिणझिण्या आल्या तर "एवढं काही नाही" म्हणू नका. चप्पल ओली असती तर काय, हे मी मामांना अजून विचारलेलं नाही.